मी गाळलेली ओळ

हे लिहायचं नाही, असंच मी ठरवलं होतं. आपली अब्रू आपणच कशाला चव्हाट्यावर मांडायची? पण गेल्या वर्षभरात जो भेटतो तो मला म्हणतो, "बरं झालं बाई, तुझ्यामुळं वेळेत कळलं." आणि मी मूर्खासारखी मान खाली घालून हसते. लोकांना वाटतं, काय विनयशील बाई आहे! खरं काय घडलं ते सगळं फक्त माझ्या धाकट्या जावेला ठाऊक आहे. लिहिण्याआधी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिव्हा. पर नाव नगं कुनाचं." म्हणून इथं कुणाचंच नाव नाही.

मी बोरी बुद्रुकला ब्लाउज शिवते. पुढच्या खोलीत दोन मशिनी, एक आरसा आणि दाराला जाड पडदा, एवढं माझं दुकान. पार निमगाव सावापासून बायका येतात. एक तर माझं कटिंग चांगलं आहे आणि दुसरं म्हणजे माझं तोंड बंद आहे. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. "आगं, तिचं माप किती निघालं गं?" असं विचारणाऱ्या काही कमी नाहीत. सख्ख्या बहिणी एकमेकींचं विचारतात! मी म्हणायची, "सांगते की. मग तुझं तिला सांगू का?" की लगेच गप्प. मापाची वही मी नवऱ्यालासुद्धा उघडू दिली नाही कधी. याचा मला लई गर्व होता. आता तो आठवला की माझी मलाच लाज वाटते.

या बंद तोंडामुळंच ते काम माझ्याकडं चालत आलं. पुण्याच्या एका संस्थेनं बायकांसाठी मोबाइलमध्ये बोलणारं मशीन केलं होतं. बटण दाबायचं, आजारपणाचं काय असेल ते आपल्या बोलीत विचारायचं आणि ते बोलून उत्तर देणार. एआय म्हणतात ते. त्यांना गावोगाव अशी एकेक बाई हवी होती, जिच्यावर बाकीच्या बायका भरवसा ठेवतात. अंगणवाडीत चौकशी झाली आणि सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. आळेफाट्याला एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये आमचं दोन दिवस ट्रेनिंग झालं. खाली ट्रकवाल्यांचा कालवा, वर आम्ही दहा-बारा बायका मान वर करून पडद्यावरची चित्रं बघतोय.

तिथं प्रत्येकीला एक छापील पान दिलं. पाच-सहाच ओळी. बाईला हे पान वाचून दाखवायचं आणि ती हो म्हणाली तरच तिच्या मोबाइलमध्ये मशीन टाकायचं. त्यातली चौथी ओळ अशी होती: मशीन सुधारण्यासाठी काही आवाज आमची माणसं ऐकतील. शिकवणारी मुलगी दोनदा म्हणाली, "ताई, ही ओळ सोडायची नाही हं." मी मान डोलावली. पोरगी माझ्या लेकीच्या वयाची, मला काय शिकवते, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू.

गावात आले आणि पहिल्याच घरी पान उघडलं. ती बाई दोन पावलं मागंच सरकली. "कसला कागुद हाये गं? आमचं मालक घरात न्हाईत." आता हे पुण्याच्या मुलीला कसं कळावं? आमच्याकडं बाईच्या पुढं कागद येतो तो बहुतेक वेळा हक्कसोडीचा. भाऊ माहेरी बोलावतो, साडी नेसवतो, पुरणपोळी वाढतो आणि मग तहसीलला नेऊन जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही घेतो. त्यामुळं वाचून दाखवायचा कागद म्हटला की बाई बिचकते. मीही बिचकले होते एकेकाळी. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तर तोंडावर सांगितलं, "ऱ्हाऊ दी बाई, आमाला नगं." ज्या बाईचं मी लग्नापासून माप घेते, तिनं मला दारातून परत पाठवलं! माझं डोकंच फिरलं.

मग मी पानाची घडी घातली आणि पिशवीच्या तळाला टाकून दिली. चौथ्या घरापासून माझं बोलणं एवढंच होतं, "आत माणूस नाय. निस्तं मशीन हाये. बिनघोर इचारा." आणि काय सांगू, पटापट सगळ्या तयार झाल्या. "तू म्हनतीस मंग काय!" हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकलं की अंगावर मूठभर मांस चढलं. माझी धाकटी जाऊसुद्धा तशीच तयार झाली. आमची चूल वेगळी पण अंगण एक. तिच्या ओट्यावर बसून मी तिच्या मोबाइलमध्ये ते टाकून दिलं. तिनं खालच्या आवाजात विचारलं, "आक्का, खरंच कुनी ऐकत न्हाई?" मी म्हटलं, "आगं येडी का काय? मशीन ते."

तेव्हा मला वाटत होतं, ऐकलंच तर पुण्याची कोणी माणसं ऐकतील. त्यांना कुठं ओळखू येतंय कोण काय ते. मी खोटं बोलतेय असं तेव्हा वाटतच नव्हतं.

महिन्याभरानं संस्थेचा फोन आला. मशीनला आमच्या बायकांचं बोलणं कळत नव्हतं. 'व्हतं' कळेना, 'लई' कळेना, दुखण्यांची आमची नावं तर अजिबात कळेनात. ज्या ठिकाणी मशीन अडलंय ते आवाज ऐकायचे आणि बाई काय म्हणाली ते लिहून द्यायचं, असं काम होतं. आवाजांना नावं नसतील, फक्त नंबर, असं त्यांनी सांगितलं. करणार का? मी हो म्हटलं. म्हणजे ती ऐकणारी माणसं आता मीच.

नंबर! अहो, वीस वर्षं ज्यांच्याशी बोलतेय त्यांचा आवाज मला नंबर लावून लपणार आहे का? पहिल्या तासातच मी निम्म्या बायका ओळखल्या. खोकण्यावरून ओळखल्या, मागं रडणाऱ्या पोरावरून ओळखल्या. त्याच वेळी मी फोन करून सांगायला हवं होतं की बाई, मला सगळ्या कळतायत, हे काम दुसरीकडच्या कुणाला तरी द्या. नाही सांगितलं. कारण, आता लिहितेच आहे तर लिहिते, मला मजा येत होती. एकीनं विचारलं होतं, सासूचं घोरणं थांबवायला दुधात काय घालू? मी हेडफोन काढून पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी तीच बाई ब्लाउज न्यायला आली आणि मी ओठ दाबून धरले. एकीला मूल नको होतं, एकीला होत नव्हतं. एकीचा नवरा जवळ येत नव्हता. पडद्याआड माप घेताना ज्यांनी मला कधी अवाक्षर सांगितलं नाही, त्या सगळ्या माझ्या कानात बोलत होत्या. मी कुणाला काही सांगत नव्हते, म्हणून मला वाटायचं, आपण काही वाईट करत नाही.

मग एका दुपारी एक आवाज लावला. आधी म्हशीच्या साखळीचा खळखळाट ऐकू आला आणि मग माझी जाऊ. बोलायला गोठ्यात गेली होती ती.

"छातीत खडा झालाय. आवळ्यायवढा. दुखत न्हाई."

मशीन म्हणालं, "माफ करा, मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

"डाव्या आंगाला. काखंजवळ. दिवाळीपासनं हाये."

"माफ करा, मला समजलं नाही."

तिसऱ्यांदा ती आणखी हळू बोलली. "पोरीचं लगीन ठरतंय. वैशाखापत्तुर थांबलं तर चालंल का? घोडेगावला माझी भन हाये, तिच्याकडं जाऊन दावलं तर हितं कुनाला कळायचं न्हाई. का लगीच जाऊ?"

"माफ करा, मला समजलं नाही."

थोडा वेळ नुसतीच साखळी वाजत राहिली. मग ती मशीनला म्हणाली, "बरं बरं, ऱ्हाऊ दे." एखाद्या पाहुण्याला जमत नसलं तर आपण म्हणतो ना, तसं समजुतीनं.

छातीत खडा म्हणजे गाठ, हे मला लगेच कळलं. तरी मी आधी काय केलं? तिन्ही वाक्यं नीट टाइप केली. मग विचार करत बसले. स्क्रीनवर एक लाल बटण असायचं, तातडीचं म्हणून. ते दाबलं की संस्थेतल्या डॉक्टरबाई स्वतः फोन करत. मला ते ठाऊक होतं. नाही दाबलं. मला वाटलं, घरातलं प्रकरण परक्यांच्या हाती कशाला द्या? उठून अंगण ओलांडून तिच्याकडं जाऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं की गं, मी ऐकलं, उद्याच्या उद्या घोडेगावला जा. पण मग कुठं ऐकलं ते सांगावं लागलं असतं. तेवढी माझी छाती झाली नाही.

आमच्याकडं पद्धत अशी की बाईचं दुखणं घरातल्या थोरल्या बाईच्या कानावर घालायचं. मी त्या पद्धतीचा आडोसा घेतला. सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, बाजूला घेतलं आणि सांगितलं, "धाकटीच्या छातीत गाठ हाये. ब्लाउजच्या मापाला माझा हात लागला." वीस वर्षांत कुणाचं माप बाहेर सांगितलं नव्हतं, आणि खोटं सांगायला नेमकं मापच वापरलं.

आत्याबाई वाईट नाहीत. घाबरल्या. घाबरल्या की त्या निमगाव सावाच्या त्यांच्या बहिणीला फोन लावतात, आणि कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर लावतात. "धाकटीला छातीत गाठ निघालीया गं!" हे अर्ध्या आळीनं ऐकलं. बहिणीच्या शेजारी नवऱ्या मुलाची मावशी राहते. मुलगा आळेफाट्याचा, स्वतःचं गॅरेज, माझ्या पुतणीला पसंत करून गेलेला, साखरपुड्याची तारीख तेवढी धरायची राहिलेली. चौथ्या दिवशी तिकडून निरोप आला, "पावणं, जरा थांबू. पत्रिका पुन्यांदा बगायची हाये." मावशीनं मात्र फोनवर खरं काय ते सांगून टाकलं. आईला असलं दुखणं म्हणजे उद्या पोरीलाही होईल, असं त्यांच्यात कुणी तरी म्हणालं होतं.

दीर शेतातून आले आणि अंगणातच बायकोला विचारायला लागले. आम्ही सगळे उभे.  ती म्हणाली, "कुनी सांगितलं?"

आत्याबाई म्हणाल्या, "थोरलीनं. मापाला हात लागला तिचा."

जावेनं माझ्याकडं बघितलं. "माझं माप? दिवाळीपासनं मी आक्कांकडं ब्लाउज शिवायलाच टाकलं न्हाई." आणि हे खरं होतं. ती रेडिमेड घालते म्हणून मी तिला चिडवलंही होतं दोनदा. माझा हात लागू नये म्हणून ती माझ्याकडं येत नव्हती, हे मला त्या अंगणात उभं असताना कळलं.

ती तिथं आणखी काही बोलली नाही. माझं खोटं तिनं सगळ्यांसमोर उघडं केलं नाही. बाकीच्यांना वाटलं, भांबावलीय, विसरली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात आली आणि तिनं पडदा ओढून घेतला.

"आक्का, त्या मशिनीत तुमी व्हता?"

मी म्हटलं, "हो."

"तिनी येळा?"

"हो."

"मंग एकदा तरी बोलायचं व्हतं की. मी तीनदा इचारलं."

मी नंतर ऐकलं, ती विचारत होती तेव्हा मी आत नव्हते, हे तिला समजावून सांगता आलं असतं. नाही सांगितलं. आणि सांगून फरक काय पडणार होता? तिच्या दृष्टीनं मी आत बसून तिला तीनदा 'समजलं नाही' म्हणाले होते. तिनं मोबाइल माझ्या पुढं ठेवला. "ह्ये काडून टाका. माझा आवाज बी काडायला सांगा त्यास्नी."

दीर तिला पुण्याला घेऊन गेले. तपासण्या झाल्या, छोटं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. पत्रिका मात्र शेवटपर्यंत जमली नाही. पुतणीनं एक दिवस उशीत तोंड खुपसलं आणि दुसऱ्या दिवशी क्लासला गेली. तेव्हापासून सगळे माझं कौतुक करतात. दीर तर हात जोडून म्हणाले, "वयनी, तुमचं उपकार कसं फेडू?" मला वाटलं, जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं.

मी संस्थेला फोन केला. चौथी ओळ मी कुणालाच वाचून दाखवली नव्हती, हे सांगितलं. त्या ट्रेनिंगच्या मुलीनं फक्त माझ्या घरांची यादी मागून घेतली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. जावेचे आवाज त्यांनी पुसले. पण त्या आवाजांवरून मशीन जे शिकलं ते आता त्यातून वेगळं काढता येणार नाही, असंही तिनं सांगितलं. मी विचारलं, "म्हणजे ती अजून आत आहे?" ती म्हणाली, "ताई, तसं नाही. पण थोडंफार तसंच."

मग मी पान घेऊन परत घरोघर गेले, मान खाली घालून ती ओळ वाचली आणि ऐकणारी मीच होते हेही सांगितलं. कुणी मशीन काढून टाकलं. सासूच्या घोरण्यावाली लालबुंद झाली आणि तिनं दार लावून घेतलं. तिचा अस्तराचा कपडा अजून माझ्याकडं पडून आहे, न्यायला आली नाही. बऱ्याच जणी मात्र म्हणाल्या, "तूच व्हतीस ना? मंग काय झालं!" हे ऐकायला तर मला दार लावून घेण्यापेक्षा अवघड गेलं. गावातले आवाज ऐकायचं काम मी सोडलं. लांबच्या वाड्यांमध्ये जाऊन पान वाचायचं काम तेवढं ठेवलं.

गेल्या महिन्यात त्यासाठी आंबेगावच्या डोंगरात गेले होते, एका वाडीत. भात झोडपून झालं होतं, अंगणात नाचणी वाळत होती. एक बाई ओट्यावर पाय पसरून बसली होती. मी पान काढलं. सगळं वाचलं, चौथी ओळ सावकाश वाचली. तिनं मला तिथंच थांबवलं.

"कोन ऐकनार?"

"कोणी पण. मी पण ऐकू शकते," मी म्हटलं. "माझ्याकडून मागं एकदा लई मोठी चूक झालीय, हे पण तुमाला सांगते."

तिनं पाय आखडून घेतले. "तू कुठली?"

"बोरीची."

"लांबची हाईस मंग. ऐकलंस तर ऐक." आणि तिनं बटण दाबलं. "छातीत खडा झालाय," ती म्हणाली.

माझ्या जावेचाच शब्द. पण या वेळी मशीन अडलं नाही. त्यानं नीट सांगितलं की गाठ दुखत नसली तरी थांबू नका, या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा, आणि जवळचा दवाखाना कुठं ते सांगू का. बाईनं दोन प्रश्न आणखी विचारले. दोन्हींना उत्तर मिळालं. खडा म्हणजे काय ते त्या मशीनला आता ठाऊक होतं, आणि ते कुणाकडून शिकलं ते मला ठाऊक होतं.

येताना एसटीत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. जावेला सांगायचं, बघ, तुझ्यामुळं एका बाईला वेळेत कळलं. एवढं ऐकल्यावर तरी ती माझ्याशी पहिल्यासारखं बोलेल, असा माझा हावरटपणा. घरी पोचले तेव्हा ती ओट्यावर गहू पाखडत होती. पिशवी खाली न ठेवताच मी तिला सगळं सांगितलं. तिचा हात चालूच होता.

"तिला आदी सांगितलं व्हतं? कुनी ऐकंल म्हनून?"

"हो. सगळं वाचलं. एकही ओळ सोडली नाही."

"आन तरी इचारलं तिनं?"

"हो. तू लांबची आहेस म्हणाली."

तिचा हात थांबला. "माझी तर तुमी घरातलीच. मला सांगितलं आसतं, तर मी त्या मशिनीला इचारलंच नसतं, आक्का. सरळ घोडेगावची येष्टी धरली आसती."

तिनं सुपातले खडे वेचून बाहेर टाकले. आतून पुतणीनं हाक मारली, तशी ती सूप घेऊन उठली आणि घरात गेली.